कशावर दळलं?

“कशावर दळलं?”

पोतदारकाकूंनी उपासाच्या भाजणीचा पुडा उचलून नाकाशी नेला आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न टाकला. घटस्थापनेची सकाळ होती. भांडारात पाय ठेवायला जागा नव्हती. दारात झेंडूचा ढीग, त्याच्या शेजारी घटाची माती आणि पत्रावळ्या, आत रताळी, शिंगाड्याचं पीठ, राजगिऱ्याचे लाडू, नव्या भुईमुगाचे दाणे आणि या सगळ्यांसमोर पिशव्या धरून उभ्या असलेल्या तीसेक बायका. मी एका हाताने वजन करत होते आणि दुसऱ्या हाताने पावत्या फाडत होते.

“भगरीवर, काकू,” मी मान वर न करता म्हणाले.

“बघितलंस?”

“पाटीवर लिहिलंय ना.”

“पाटीवर असेल गं. तू बघितलंस का?”

“मीच दळलंय काकू. तुमच्यासाठी पहिला पुडा बाजूला काढून ठेवला होता.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, पुडा पिशवीत टाकला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेल्या. मी पुढच्या बाईची रताळी तराजूत टाकली. त्या प्रश्नाचा मला तेव्हा मनापासून कंटाळा होता. काकू गव्हाचं पीठ घेवोत, ज्वारीचं घेवोत, ‘कशावर दळलं’ हे विचारल्याशिवाय त्यांचा हात पिशवीकडे जायचा नाही. गिरणीच्या दगडात आधीचं पीठ राहतं आणि ते पुढच्यात उतरतं, म्हणून गव्हावर गहू दळावा, ज्वारीवर ज्वारी, हे मलाही ठाऊक होतं. पण रोज कुणी तुमची तोंडी परीक्षा घ्यायला लागलं तर तुम्हीही वैतागाल.

याला आता तीस वर्षं होऊन गेली. विट्यातलं आमचं मैत्रेयी महिला ग्राहक भांडार तेव्हा सहा वर्षांचं होतं. एका दिवाळीला गावात भेसळीचं तेल आलं, घरोघरी पोटं बिघडली आणि चिडलेल्या बायकांनी एकेक भाग घेऊन स्वतःचंच दुकान काढलं. त्यामुळे भांडाराला मालक नव्हता, साडेतीनशे मालकिणी होत्या, आणि त्यातली प्रत्येक जण मालकिणीसारखीच बोलायची. अध्यक्षा साळुंखेबाई. कन्याशाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि अर्ध्या सभासदांच्या कानाला त्यांचा हात कधी ना कधी लागलेला.

मी वैजयंता. वय चोवीस, बी.कॉम., सहा महिन्यांच्या बोलीवर व्यवस्थापक. दसऱ्यानंतरच्या रविवारी सभासदांची वार्षिक सभा होती आणि तिथे मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. नाही झाले, तर काय होणार हेही ठरलेलं होतं. माझ्या वडिलांनी, आबांनी, गावाकडे एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा चांगला होता म्हणे, फक्त त्याला बायको घराबाहेर गेलेली चालत नव्हती. “दिवाळीपर्यंत थांबतो,” आबा म्हणाले होते. त्यांच्या दृष्टीने तो फार मोठा उदारपणा होता.

नवरात्राच्या चौथ्या दिवशी गुलाबभाई मुल्ला परत आले. भांडाराच्या मागच्या खोलीतली गिरणी तेच चालवायचे. भाचीच्या लग्नाला मिरजेला गेले होते, म्हणून सर्वपित्रीच्या दिवशी भाजणी मी दळली होती. आल्या आल्या त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली, गिरणीच्या मागे वाकले आणि एक लहान डबा हातात घेऊन काउंटरपाशी आले.

“ताई, ही भगर अशीच कशी काय हाय?”

“कुठली भगर?”

“मी काढून ठेवल्याली. उपासाचं दळायच्या आधी घालायला. आधी हिच्यानं दगड धुऊन घ्यायचं, ती फेकायची, मग उपासाचं टाकायचं. पाटीवर लिवून गेलो होतो की मी.”

“पाटीवर ‘भगर’ लिहिलं होतं,” मी म्हणाले. “म्हणून तर मी थेट भाजणी घातली.”

गिरणीशेजारी एक दगडी पाटी टांगलेली असायची आणि तिच्यावर शेवटी काय दळलं ते लिहायचं, अशी गुलाबभाईंचीच पद्धत होती. एकच शब्द. गहू. ज्वारी. नाचणी. मी पाटीवर ‘भगर’ वाचलं आणि भगर दळून झाली असं समजले. त्यांनी मात्र मला आठवण राहावी म्हणून लिहिलं होतं, की आधी भगर घाल.

“मग शेवटी काय दळलं होतं तुम्ही?” मी विचारलं.

“हरभऱ्याची डाळ,” गुलाबभाई म्हणाले आणि डबा धरून तिथल्या पोत्यावर बसले. “लाडवाचं बेसन. या अल्ला, बायांचं उपास!”

पहिला पुडा मी कौतुकाने कुणासाठी काढून ठेवला होता, ते मला आठवलं. दगडात अडकलेलं बेसन सगळ्यात जास्त त्यातच उतरलं असणार.

साळुंखेबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

“उरलेले पुडे मागे घ्या. आजच्या आज नवीन दळा, नीट. आणि या विषयावर तोंड उघडायचं नाही.”

“पण बाई, ज्यांनी नेलंय त्यांचं?”

“त्यांनी खाल्लं, पचलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दसऱ्यानंतर सभा आहे वैजू, तुझ्या नावाचा ठराव मी मांडणार आहे. रजनी शेटे टपूनच बसलीय. गिरणी बंद करा, पुण्याच्या कंपनीची पाकिटं आणा म्हणून तिनं वर्षभर डोकं खाल्लंय. तिच्या हातात आयतं कोलीत द्यायचंय का तुला?”

मला द्यायचं नव्हतं. मी सुटल्यासारखी मान हलवली. खरं सांगते, त्या रात्री मला झोपही छान लागली.

दुसऱ्या दिवशी ललितापंचमी. सकाळी पोतदारकाकू पुन्हा आल्या. नऊ दिवस उपास, दुपारी एकदाच खाणं, त्यामुळे चेहरा सुकलेला, पण स्वर भलताच खुशीत होता.

“वैजू, अगं या वेळची भाजणी काय जमलीय! थालिपीठं अशी खुसखुशीत होतात की विचारू नकोस. माझी शैला म्हणते, आई, तुम्ही उपास करता की चैन करता?”

शैला त्यांची सून. मुलगा सोन्याचांदीच्या गलाईच्या कामाला कोइमतूरला. शैलाला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासूकडेच होतं. आधी दोनदा दिवस राहून गेले होते. या वेळी नववा सरत आला होता आणि काकूंनी देवीला नवरात्र बोलून घेतलं होतं, हे सगळ्या आळीला माहीत होतं. मलाही माहीत होतं. फक्त तोपर्यंत मी तो नवस आणि तो पहिला पुडा शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

“आणखी एक दे,” काकू म्हणाल्या. पुडा उचलला, नाकाशी नेला. “कशावर दळलं?”

आता ते खरोखर भगरीवर दळलेलं होतं. गुलाबभाईंनी दगड एकदा नाही, दोनदा धुतले होते. पण मी हातातल्या पावतीची उगाच घडी घालत राहिले. खोटं होतं तेव्हा सहज निघालं होतं, आणि आता खरं होतं तर बाहेर येईना.

“काय गं? बरं वाटत नाही का?”

“नाही... हो. भगरीवर, काकू.”

“जरा गूळपाणी घे,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

दुपारी भांडार दोन तास बंद असायचं. मी चपला घातल्या तेव्हा गुलाबभाई दारातच उभे होते.

“कुटं निघाला ते कळतंय मला,” ते म्हणाले. “नका जाऊ ताई. म्हातारीच्या जिवाला घोर लागंल. न सांगता तिचं बरं चाललंय की.”

“आणि मी?”

ते वाटेतून बाजूला झाले.

काकूंच्या घरी देव्हाऱ्यात अखंड दिवा तेवत होता. आतल्या खोलीत शैला पाय लांब करून शेंगा फोडत बसलेली दिसली. तिच्या कानावर जायला नको म्हणून मी काकूंना ओट्यावर बोलावलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. हरभऱ्याची डाळ, दगड, पहिला पुडा.

“तुम्ही विचारलं तेव्हा मी बघितलं नव्हतं. तरी भगरीवर म्हणाले. चूक माझी आहे.”

पाटीचं मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर अर्धी चूक गुलाबभाईंच्या गळ्यात गेली असती.

काकू खांबाला धरून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “तरीच खुसखुशीत झाली.”

मला रडू यायला लागलं.

“रडू नकोस. किती गेलं असेल?”

“बेसन? फार नसेल काकू. दगडात राहिलेलं तेवढंच.”

“थोडं का फार, देवीला काय सांगायचं मी?” त्यांनी आत शैलाच्या दिशेने पाहिलं. “तुला इथं कुणी पाठवलं? साळुंखेबाईंनी?”

“कुणी नाही. त्यांनी सांगू नको म्हणून सांगितलंय.”

“मग मला एकटीला सांगून तुझं भागलं? बाकीच्या काय उपाशी होत्या? त्यांनीही खाल्लंय. फळ्यावर लिही जा.” आणि त्या उठून आत गेल्या. दार लावून घेतलं.

भांडाराच्या दारात एक काळा फळा होता. एरवी त्यावर ‘नवीन उडीद आला’, ‘दसऱ्यासाठी सोनं व झेंडू’ असं काहीबाही असायचं. त्या दुपारी मी ते पुसलं आणि लिहिलं: ‘घटस्थापनेला विकलेली उपासाची भाजणी चुकून हरभऱ्याच्या डाळीवर दळली गेली. ज्यांनी नेली त्यांनी बदलून न्यावी. चूक माझी. वैजयंता.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळपर्यंत बातमी बसस्टँडपर्यंत पोचली. काही जणी पुडे घेऊन आल्या आणि काउंटरवर आपटून गेल्या. एक जण म्हणाली, “माझा उपास तू मोडलास, आता पारणंही तूच कर.” एकीचा नवरा येऊन हसत हसत विचारून गेला की उपासाचं झुणका-पीठ मिळेल का. साळुंखेबाई आल्या, फळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, “शुद्धलेखन बरोबर आहे.” त्यापलीकडे त्या सभेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. दिवाळीच्या चकलीच्या भाजणीची नोंदणी अष्टमीपासून सुरू व्हायची. बायका आपली नावं वहीत लिहून जायच्या आणि ती वही म्हणजे भांडाराचा वर्षाचा प्राण होता. अष्टमी गेली, नवमी गेली, दसऱ्याला सोनं लुटून झालं. वहीत एकही नाव नव्हतं. गुलाबभाई रोज येऊन वही उघडायचे आणि हळूच मिटायचे. दसऱ्याच्या संध्याकाळी आबा सोनं द्यायला आले आणि जाताना म्हणाले, “त्या पाव्हण्यांना कळवू का मग?” मी म्हणाले, “रविवारपर्यंत थांबा.”

आणि पोतदारकाकू? त्या आल्याच नाहीत. त्यांनी उरलेले दिवस नुसत्या दुधावर काढले, असं कुणीतरी सांगितलं. ते ऐकलं आणि दिवसभर माझ्याही तोंडाची चव गेली.

रविवारी कन्याशाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. एवढी गर्दी मागच्या सहा वर्षांत झाली नव्हती. भांडण असलं की कोरम पटकन भरतो. माझ्या नावाचा ठराव येताच रजनी शेटे उभ्या राहिल्या. बाई वाईट नव्हती, मुद्देसूद होती, आणि तेच जास्त भीतीचं होतं.

“माझा राग या मुलीवर नाही. पण ज्या गिरणीवर आपला विश्वास नाही ती चालवायची कशाला? पुण्याहून बंद पाकिटं मागवू. शिक्का असतो, तारीख असते. आणि मॅनेजर अनुभवी बघू. आमचे उपास मोडले, त्याची भरपाई कोण करणार?”

“खरं आहे,” “बरोबर बोलली,” असा गलका झाला. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. आबा त्या पाव्हण्यांना पत्र कधी टाकतील, याचा विचार करत होते.

तेवढ्यात गुलाबभाई दारातून पुढे आले. हातात तो भगरीचा डबा. “बाया हो, मी सभासद न्हाई, पण एक सांगतो. पाटीवर मीच...”

“गुलाबभाई, बसा तुम्ही,” मागून आवाज आला. “तुम्ही मला घरी येऊन सांगितलंय ते बास झालं.”

पोतदारकाकू होत्या. कधी येऊन बसल्या होत्या, मला दिसलंच नव्हतं. गालाची हाडं वर आली होती. त्या उठल्या आणि समोरच्या बाकाला धरून उभ्या राहिल्या. गुलाबभाई त्यांच्या घरी जाऊन पाटीचं सगळं सांगून आले होते, हे मला तेव्हा कळलं.

“रजनी, उपास सगळ्यात जास्त माझा मोडला,” काकू म्हणाल्या. “माझी सून घरी आहे, तिचे दिवस भरलेत. आज, उद्या, केव्हाही. काय होईल ते देवीच्या हातात. मला रात्र रात्र झोप नाही. या पोरीनं सांगितलं नसतं तर मी झोपले असते.”

मला वाटलं, आता संपलं.

“पण मी एक विचार केला,” काकू पुढे म्हणाल्या. “लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी प्रत्येक गिरणीत विचारत आले. कशावर दळलं? सगळे म्हणायचे, भगरीवर, काकू. चाळीस वर्षं. एकही माणूस कधी माझ्या दारात येऊन म्हणाला नाही, की काकू, नव्हतं हो भगरीवर. म्हणजे काय, चाळीस वर्षं सगळ्यांचं बरोबरच होतं?”

पुढच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. रजनी शेटेंनीही खाली पाहिलं.

“तुझ्या त्या पुण्याच्या पाकिटावर तारीख असेल गं. कशावर दळलं ते असतं का? आणि चुकलं तर पुण्याचा माणूस विट्याला येतो का सांगायला?” काकूंना धाप लागली. त्या थांबल्या. “पोरीला कायम करा. गिरणीही राहू दे. पण माझी अट आहे. दिवाळीचं दळण होईपर्यंत मी स्वतः गिरणीपाशी बसणार. आणि त्या पाटीवर नुसतं ‘भगर’, ‘गहू’ लिहायचं नाही. दळलं का दळायचं, तेही लिहायचं.”

साळुंखेबाई एका आठवड्यानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलल्या. “तीस वर्षं मुलींना सांगत आले,” त्या म्हणाल्या, “क्रियापदाशिवाय वाक्य पुरं होत नाही. हात वर करा.”

सगळेच हात वर झाले असं नाही. पण पुरेसे झाले. रजनी शेटेंचा झाला नाही. मात्र बाहेर पडताना त्यांनी वही मागून घेतली आणि चकलीच्या भाजणीसाठी पहिलं नाव त्यांनीच लिहिलं. “बघू तरी,” म्हणाल्या. त्यांच्या मागे रांग लागली. मी आबांना त्याच संध्याकाळी पत्र टाकलं, चार ओळींचं, सगळ्या क्रियापदांसकट.

कोजागरीला सकाळी भांडार उघडलं तर दारात पोतदारकाकूंच्या शेजारची मुलगी उभी. हातात बर्फीचा पुडा. शैलाला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मी तो पुडा तसाच धरून मागच्या खोलीत गेले आणि गिरणीच्या आवाजात पोटभर रडून घेतलं. गुलाबभाईंनी गिरणी मुद्दाम आणखी थोडा वेळ चालू ठेवली.

मला वाटलं, घरात बाळ आलं, आता काकू कशाला येतात. पण बाळाचं दहा दिवसांचं सोयर फिटलं आणि अकराव्या दिवशी त्या लाकडी स्टूल घेऊन हजर. दिवाळीचं अर्धं दळण अजून व्हायचं होतं. दिवसभर गिरणीपाशी बसायच्या आणि गुलाबभाईंशी भांडायच्या. “दगड गार होऊ द्या,” “चाळण बदला,” “एवढं तापलेलं पीठ पिशवीत भरता होय?” गुलाबभाई म्हणायचे, “काकू, माझी बायको बी एवढं बोलत न्हाई.” काकू म्हणायच्या, “म्हणूनच तुमचं फावलंय.” पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं: ‘तांदूळ दळले. आता भाजणी दळायची.’ त्या वर्षीच्या चकल्यांचं नाव खानापूर-तासगावपर्यंत गेलं.

पुढच्या वर्षी पुन्हा घटस्थापना आली. पुन्हा झेंडूचा ढीग, घटाची माती, रताळी, नवे दाणे, आणि पिशव्या घेतलेल्या बायका. आदल्या दिवशी मी आणि गुलाबभाईंनी मिळून दगड धुतले होते. मी पाटी दोनदा वाचली होती, पीठ चिमटीत घेऊन जिभेवर ठेवून पाहिलं होतं. पोतदारकाकू आल्या. कडेवर वर्षाची होत आलेली नात, तिच्या मुठीत झेंडूची एक पाकळी.

त्यांनी फळीवरून भाजणीचा पुडा उचलला. नाकाशी नेला नाही. सरळ पिशवीत टाकला आणि नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

मी वर्षभर त्या क्षणाची तयारी केली होती. घाईघाईने म्हणाले, “काकू, भगरीवर दळलंय. मी स्वतः...”

“मी विचारलं का तुला?” काकू म्हणाल्या.